जयंती विशेष : ग्राहक म्हणून अवमान, उद्योजक म्हणून उत्तर – फेरुचिओ लॅम्बोर्गिनी

महागडी वस्तू विकणाऱ्याने ग्राहकाची रास्त तक्रार उडवून लावावी आणि ग्राहकाने अपमान गिळून मुकाट्याने दुकानाबाहेर पडावे, हा अनुभव जगात सर्वत्र सारखाच आहे. इटलीतील ट्रॅक्टर उत्पादक फेरुचिओ लॅम्बोर्गिनी यांच्या वाट्यालाही तो आला. मात्र ते मुकाट्याने परतले नाहीत. त्यांनी तक्रारीच्या मुळाशी जाऊन दोष शोधला, त्याचा हिशेब मांडला आणि अखेर स्वतःचाच मोटार कारखाना उभारला. २८ एप्रिल हा त्यांचा जन्मदिन.

फेरुचिओ यांचा जन्म १९१६ साली उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रांतात, चेन्तो शहरानजीकच्या रेनाझ्झो या गावी झाला. घराणे द्राक्षबागायतदारांचे. मुलाचा ओढा मात्र जमिनीपेक्षा ती कसणाऱ्या यंत्रांकडे अधिक होता. तंत्रशिक्षण घेतल्यानंतर १९४० साली ते इटलीच्या हवाई दलात दाखल झाले. ऱ्होड्स बेटावरील लष्करी वाहनांची दुरुस्ती हे त्यांचे काम होते. सुटे भाग मिळण्याची मारामार असलेल्या त्या बेटावर, हाताशी असेल त्या सामग्रीतून यंत्र पुन्हा चालू करण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली. युद्धाच्या अखेरीस ते ब्रिटिशांचे युद्धकैदी झाले आणि सुटकेनंतर गावी परतले. १९४७ साली पुत्रजन्माच्या वेळी पत्नीचे निधन झाले.

युद्धाने इटलीची शेती खिळखिळी केली होती. शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवा होता, पण तो विकत घेण्याची ऐपत त्याच्यात नव्हती. दुसरीकडे लष्कराने टाकून दिलेली वाहने जागोजागी पडून होती. या दोन गोष्टींची सांगड घालून फेरुचिओ यांनी त्या वाहनांच्या सुट्या भागांतून ट्रॅक्टर तयार केला. पेट्रोल महाग असल्यामुळे, इंजिन पेट्रोलवर सुरू करून पुढे स्वस्त इंधनावर चालवण्याची सोय त्यांनी त्यात केली. १९४८ साली ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली आणि काही वर्षांतच ती देशातील प्रमुख उत्पादकांत गणली जाऊ लागली. पुढे त्यांनी तापयंत्रांच्या उद्योगातही पाऊल टाकले. शेतकऱ्याचा मुलगा धनाढ्य कारखानदार झाला.

हाती पैसा आला तशी वेगवान मोटारींची हौस भागवण्याची मुभाही मिळाली. त्यांच्या संग्रहात निरनिराळ्या नामांकित कंपन्यांच्या मोटारी होत्या. १९५८ साली त्यांत फेरारी २५० जीटी ही मोटार दाखल झाली. पुढेही त्यांनी फेरारीच्या मोटारी घेतल्या. परंतु क्लच वारंवार बिघडत असल्याने ते त्रस्त झाले. दुरुस्तीसाठी मोटार मारानेल्लो येथील कारखान्यात न्यावी लागे. तेथे ती आत नेली जाई, मालकाला तासन् तास बाहेर ताटकळावे लागे, आणि आत काय केले गेले हे त्याला कधी कळत नसे.

अखेरीस त्यांनी आपल्याच कारखान्यात ती मोटार खोलून पाहिली. आपल्या ट्रॅक्टरसाठी आपण विकत घेतो त्याच प्रकारचा क्लच त्यांना तेथे आढळला आणि फेरारी मात्र त्यासाठी कितीतरी पट अधिक दाम आकारत होती, असे फेरुचिओ सांगत असत. हा दोष त्यांनी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या कानी घातला. त्यावर दोष मोटारीत नसून ती चालवणाऱ्यात आहे, ट्रॅक्टर बनवणाऱ्याने फेरारीची उठाठेव करू नये, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे सांगितले जाते. ही हकीगत प्रामुख्याने फेरुचिओ यांच्याच मुखातून जगापुढे आली आणि तिच्या आवृत्त्याही अनेक आहेत. एन्झो यांच्या लेखी शर्यत हेच सर्वस्व होते; श्रीमंतांना विकायच्या मोटारी हे शर्यतीचा खर्च भागवण्याचे साधन होते, ही गोष्ट मात्र सर्वश्रुत आहे. अशा दृष्टीच्या मालकाला ग्राहकाची कुरकुर नकोशी वाटावी, यात नवल नाही.

फेरुचिओ यांचा संताप खरा असला, तरी त्यांचा निर्णय केवळ संतापाचा नव्हता. सामान्य किमतीचा भाग भारी किमतीच्या मोटारीत बसवला जातो आणि ग्राहक निमूटपणे पैसे मोजतो, याचा अर्थ या व्यवसायात नफ्याला वाव आहे, हे त्यांच्यातील व्यापाऱ्याने हेरले होते. शर्यतीच्या मोटारीची धग आणि गोंगाट टाळून, दूरच्या प्रवासाला निर्धास्तपणे नेता येईल अशी वेगवान व आरामदायी मोटार बनवावी, ही त्यांची कल्पना होती.

त्यांना लागणारी माणसे मिळण्यास मारानेल्लोतील कारभारच अप्रत्यक्षपणे कारणीभूत ठरला. १९६१ साली अंतर्गत वादातून फेरारीचे अनेक वरिष्ठ अधिकारी व अभियंते एकाच वेळी बाहेर पडले होते. त्यांपैकी जिओत्तो बिझ्झारिनी यांच्याकडे फेरुचिओ यांनी नव्या बारा सिलिंडर इंजिनाची जबाबदारी सोपवली. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी हे तरुण अभियंतेही येऊन मिळाले. १९६३ साली सांतागाता बोलोन्येझे या गावी कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी तुरिनच्या प्रदर्शनात पहिला नमुना मांडला गेला, तेव्हा त्यात इंजिन बसलेलेच नव्हते. त्यामुळे बॉनेट शेवटपर्यंत बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी ३५० जीटी ही मोटार बाजारात आली. फेरुचिओ यांची जन्मरास वृषभ, त्यामुळे बैल हे कंपनीचे बोधचिन्ह ठरले. फेरारीच्या उधळत्या घोड्यासमोर आता हा बैल उभा ठाकला.

१९६६ साली जिनिव्हात मिउरा ही मोटार सादर झाली आणि स्पर्धेचे चित्र पालटले. चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले इंजिन आणि बेर्तोने संस्थेतील मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटलेली आकृती यांनी मोटारविश्व थक्क झाले. विशेष म्हणजे, तरुण अभियंत्यांनी फावल्या वेळात सुरू केलेला हा प्रकल्प मालकाच्या मूळ कल्पनेशी जुळणारा नव्हता. तरीही त्यांनी त्याला आडकाठी केली नाही. शर्यतीत उतरण्याचा मोह मात्र त्यांनी कटाक्षाने टाळला.

वैभवाचा हा काळ दीर्घ ठरला नाही. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी बोलिव्हियाने ट्रॅक्टरची मोठी मागणी रद्द केली आणि तयार माल अंगावर पडला. कामगार संघटनांशी संघर्ष वाढला. फेरुचिओ यांनी ट्रॅक्टरचा उद्योग विकला. १९७२ साली मोटार कंपनीचे ५१ टक्के आणि १९७४ साली उर्वरित ४९ टक्के समभागही हस्तांतरित केले. दरम्यान १९७३ च्या तेलसंकटाने इंधनखाऊ मोटारींची मागणी आटली होती. ज्या कारखान्यासाठी त्यांनी एवढा अट्टहास केला, त्याच्याशी त्यांचा संबंध जेमतेम अकरा वर्षांचा ठरला.

त्यानंतर ते उंब्रिया प्रांतातील त्राझिमेनो सरोवराच्या काठी आपल्या मळ्यावर राहावयास गेले. वाडवडिलांप्रमाणे त्यांनी द्राक्षे पिकवली, मद्यनिर्मिती केली. २० फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, पेरुजा येथे त्यांचे निधन झाले. एन्झो फेरारी त्यांच्या पाच वर्षे आधी निवर्तले होते.

सांतागाता येथील मोटार कारखाना १९९८ पासून जर्मनीच्या ऑडी कंपनीकडे आहे, तर ट्रॅक्टरचा उद्योग एका इटालियन समूहाकडे. मालक वेगळे असले तरी दोन्ही वाहनांवर आजही नाव लॅम्बोर्गिनी यांचेच आहे. ट्रॅक्टरवाला म्हणून ज्यांची संभावना झाली, त्यांच्या नावाचे ट्रॅक्टर आजही शेते नांगरत आहेत.