गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका)

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (जन्म: ९ एप्रिल १८२८, सातारा, मृत्यू: २५ जुलै १८८०, पुणे) हे एकोणिसाव्या शतकातील पुण्याचे वकील, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि स्वदेशी चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. स्वदेशीचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ओळख अधिक आहे. तथापि सामान्य माणसाला कायदा समजावा, त्याचे गाऱ्हाणे योग्य ठिकाणी योग्य रीतीने मांडले जावे आणि आपसातील तंटे शक्यतो कचेरीबाहेर मिटावेत, यासाठी त्यांनी केलेले काम तितकेच मोलाचे आहे.

प्रारंभिक जीवन

सातारा येथे बालपण गेल्यानंतर जोशी पुण्यास आले. आरंभी त्यांनी न्यायखात्यात नोकरी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन पुण्यात व्यवसाय सुरू केला. कचेरीचे कामकाज मेजाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेला हा माणूस होता. पक्षकाराचा पैसा कुठे झिरपतो आणि तारखांमागून तारखा कशा पडतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

सार्वजनिक सभा आणि मुखत्यारपत्र

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी होत्या. देवस्थानची व्यवस्था पाहणाऱ्या पंचांना जाब विचारायचा, तर तो कोणाच्या वतीने, असा प्रश्न उभा राहिला. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम करण्यात आला. आरंभीच्या पंचाण्णव प्रतिनिधींमागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या.

या नियमात वकिलाची दृष्टी स्पष्ट दिसते. वकीलपत्रावाचून वकिलास न्यायालयात उभे राहता येत नाही. त्याचप्रमाणे लोकांच्या लेखी अधिकाराविना लोकांच्या नावाने बोलू नये, ही शिस्त जोशींनी सार्वजनिक कामाला लावली. मतदानाचा हक्क ज्यांना स्वप्नातही ठाऊक नव्हता, अशांच्या हातून त्यांनी प्रतिनिधी निवडविला. सभेसाठी ते इतके राबले की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले, आणि मूळ नाव मागे पडले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ च्या अखेरीस पुण्यास आल्यावर सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. सारावाढीच्या तक्रारींची चौकशी, दक्षिणेतील रयतेच्या स्थितीवरील अहवाल (१८७३), १८७६–७८ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडणे, ही कामे सभेने केली. अर्ज कोणाकडे करायचा आणि त्याला कोणता पुरावा जोडायचा, हे लोक यातून शिकत गेले.

लवाद न्यायालय

१८७० च्या दशकात दक्षिणेतील शेतकऱ्याच्या दृष्टीने दिवाणी न्यायालय हे बहुधा सावकाराचे शस्त्र होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोच्या सोयीसाठी केलेला हा बदल उलटाच फळला. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, किंवा दावा लावी. निरक्षर कुणबी समन्स वाचू शकत नसे, आणि वाचून घेतले तरी तालुक्याच्या ठिकाणी जाण्यास धजत नसे. हुकूमनामा एकतर्फी होई; मागोमाग जप्ती येई. मुद्रांक आणि न्यायालयीन शुल्काचा भार वेगळाच. मे १८७५ मध्ये सुपे येथे उसळलेल्या दंग्यात लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरातील रोख्यांवर होता, यावरून त्या कागदांची दहशत कळते.

या पार्श्वभूमीवर १८७६ च्या सुमारास काकांनी पुण्यात लवाद न्यायालय सुरू केले. कल्पना जुनीच होती, गावपंचायतीची. पण काकांनी तिला चालू कायद्याचा आधार दिला. उभय पक्षांनी आपला वाद पंचांकडे सोपविण्याचा लेखी करार करावा, पंचांनी दोहोंचे म्हणणे ऐकून निवाडा द्यावा, असा हा मार्ग होता. १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात खाजगी लवादाच्या निवाड्यालाही स्थान होते. निवाडा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो न्यायालयात दाखल केला आणि त्यास सबळ हरकत निघाली नाही, तर त्याची हुकूमनाम्याप्रमाणे बजावणी होऊ शके. म्हणजे काकांचे लवाद न्यायालय सरकारी न्यायालयाला समांतर नव्हते. त्याच्याच दारात, पण खर्च व वेळ वाचवून पोहोचणारी ती वाट होती. वाटणी, हद्द, देणेघेणे अशा ज्या तंट्यांत निकालानंतरही उभयतांना शेजारी किंवा भाऊबंद म्हणूनच राहायचे असते, तेथे तिचा विशेष उपयोग होता.

ज्याची उपजीविका कज्जांवर चालते, अशा वकिलाने हे काम हाती घ्यावे, यातच त्याचे वेगळेपण आहे. मर्यादाही उघड होती. लवाद दोघांच्या संमतीवाचून बसत नाही. ज्या सावकाराला एकतर्फी हुकूमनामा घरबसल्या मिळत होता, त्याने पंचांपुढे येण्याचे कारण काय? ही उणीव केवळ कायद्यानेच भरून निघण्यासारखी होती. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या १८७९ च्या दक्षिणी शेतकरी मदत कायद्यात शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी तडजोड करविणाऱ्या सलोखेदाराकडे जाणे आवश्यक ठरले, आणि शेतकऱ्याचे रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची तरतूद झाली. ब्रिटिश हद्दीपलीकडच्या मराठी मुलखाला यातले काहीच लागू नव्हते; हट्टा, वसमत, हिंगोली हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कायदेपद्धती स्वतंत्र होती.

स्वदेशी

१२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी स्वदेशी वस्तूच वापरण्याची शपथ घेतली. ते स्वतः सूत काढीत. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेच्या वतीने गेले ते जाड्याभरड्या देशी कापडाच्या पोशाखात, आणि तेथे त्यांनी सभेचे मानपत्र सादर केले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये स्त्रीविचारवती सभा स्थापन करून सर्व जातींच्या स्त्रियांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकत्र आणले.

वासुदेव बळवंत फडके यांचा खटला

१८७९ हे वर्ष पुण्यात वकिली करणाऱ्यासाठी कठीण होते. मे महिन्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. रानडे यांची पुण्याबाहेर बदली झालेली होती आणि सभेवर सरकारची वक्रदृष्टी होती. जुलैमध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सशस्त्र बंडाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. काका आयुष्यभर अर्ज-विनंत्यांच्या सनदशीर मार्गाने चालले. फडके यांचा मार्ग त्याच्या अगदी उलट. तरीही पुण्याच्या सत्र न्यायालयात काका फडके यांच्या बचावासाठी उभे राहिले. फडके यांना जन्मठेपेची शिक्षा होऊन एडन येथे पाठविण्यात आले. निकाल बदलला नाही. पण आरोपी बचावावाचून राहिला नाही.

निधन व त्यानंतर

या खटल्यानंतर वर्षाच्या आतच, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी काकांचे पुण्यात निधन झाले. १८९५ मध्ये सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे गेली आणि रानडे प्रभृतींनी पुढील वर्षी डेक्कन सभा काढली. १८९६–९७ च्या दुष्काळात सभेच्या कार्यकर्त्यांनी सरकारच्याच दुष्काळ-संहितेतील तरतुदी सोप्या मराठीत छापून खेडोपाडी वाटल्या; पीक बुडाले असता साऱ्याची सूट वा तहकुबी मागता येते, हे शेतकऱ्यांना समजावले. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.