सूर्यतेजाचे मापक सॅम्युएल लँग्ले

ऊन किती तापलें आहे हें आपल्या अंगास कळतें. पण अंग हें कांहीं माप नव्हे. एकास जें ऊन असह्य वाटतें, त्यांतच दुसरा नांगर धरून चालतो. हें ऊन आंकड्यांत मांडण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांत अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ले हे प्रमुख होत.

त्यांचा जन्म २२ ऑगस्ट १८३४ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील रॉक्सबरी येथें झाला. हायस्कूल संपल्यावर ते कॉलेजांत गेले नाहींत. कित्येक वर्षें स्थापत्याचीं कामें करून त्यांनीं उदरनिर्वाह केला. खगोलाचा अभ्यास मात्र स्वतःच्या हौसेनें चालविला. १८६७ सालीं पिट्सबर्गजवळील अ‍ॅलेघेनी वेधशाळा त्यांचेकडे आली. तेथें दुर्बीण होती, पण पैशाची वाण होती. तेव्हां ताऱ्यांच्या वेधांवरून अचूक वेळ काढून ती तारायंत्रानें रेल्वे कंपनीस पुरवावी व त्या उत्पन्नावर संशोधन चालवावें, अशी युक्ति त्यांनीं योजिली.

सूर्यप्रकाशांतील निरनिराळ्या रंगांची उष्णता मोजण्यासाठीं १८८० च्या सुमारास त्यांनीं बोलोमीटर हें यंत्र सिद्ध केलें. त्यांत काजळी धरविलेल्या, अतिशय पातळ अशा धातूच्या पट्ट्यांतून वीज वाहते. एका पट्टीवर किरण पडूं द्यावयाचे व दुसरी झांकून ठेवावयाची. पहिली किंचित् तापली, कीं विजेस होणारा तिचा विरोध वाढतो आणि सुई हलते. अंशाच्या लाखाव्या भागाइतका फरकही ह्या यंत्रास कळे.

मग प्रश्न उरला हवेचा. सूर्याची कांहीं उष्णता हवा वाटेंतच शोषून घेते. ती किती, हें कळल्यावांचून मूळ उष्णतेचा हिशेब लागेना. म्हणून १८८१ सालीं लँग्ले आपलीं नाजूक यंत्रें घेऊन कॅलिफोर्नियांतील माउंट व्हिटनी ह्या सुमारें ४,४२० मीटर उंच पर्वतावर गेले, आणि पायथ्याशीं व उंचावर अशा दोन्ही ठिकाणीं त्यांनीं मोजमाप केलें. हवेच्या बाहेर दर चौरस सेंटिमीटरवर दर मिनिटास सुमारें ३ कॅलरी उष्णता येते, असें त्यांनीं ठरविलें.

१८८७ पासून ते वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेचे चिटणीस होते. १८९६ सालीं त्यांचें माणसाविना उडणारें यंत्र पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर उडालें; परंतु माणूस बसविलेलें मोठें यंत्र १९०३ सालीं दोनदां नदींत कोसळलें. वर्तमानपत्रांनीं त्यांची फार थट्टा केली. दुसऱ्या अपघातानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं राइट बंधूंचें विमान उडालें. २७ फेब्रुवारी १९०६ रोजीं लँग्ले निवर्तले.

त्यांचा ३ कॅलरींचा आंकडाही पुढें चुकीचा ठरला. त्यांचेच सहकारी चार्ल्स अ‍ॅबट यांनीं तीच रीत सुधारून तो २ हून किंचित् कमी असल्याचें दाखविलें. १९१६ सालीं अ‍ॅबट व ऑल्ड्रिच यांनीं पायरॅनोमीटर तयार केला. आज सूर्य व सारें आकाश मिळून सपाट जागेवर किती तेज पडतें, हें ह्या जातीच्या यंत्रांनीं मोजतात. १९४७ सालीं चौरस सेंटिमीटरवरील एका कॅलरीस ‘लँग्ले’ असें नांव देण्यांत आलें.

ज्या मोजणींत ते चुकले, तिच्याच परिमाणास त्यांचें नांव लाभलें! कारण त्यांनीं आपली रीत पायरीपायरीनें मांडून ठेविली होती. म्हणून चूक कोठें झाली हें मागून येणाऱ्यास शोधतां आलें. गणिताच्या वहींत रीत न मांडतां नुसतें उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें.