अंकांचे उपासक : कै. द. रा. कापरेकर

स्मरणिकेत दरवर्षी एका कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा तो पुरुष ज्ञातीतीलच निवडला जातो. यंदा तो विचार बाजूस ठेवून एका शाळामास्तरांचा परिचय करून देत आहोत. प्राज्ञपाठशाळा व विश्वकोश यांमुळे वाईस विद्येचे गाव म्हणून लौकिक लाभला. तथापि आपल्या घरोघरी गणिताचा धाक अद्याप आहेच.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच मातृछत्र हरपले. वडील कारकून असून त्यांस फलज्योतिषाचा छंद होता. ठाण्यास शालेय शिक्षण, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक व १९२९ मध्ये बी. एस्सी. पुढे १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शिक्षक होते.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या पाहावी. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग होय. अशा संख्यांस कापरेकरांनी 'डेमलो' हे नाव दिले. तिच्या अंकांची बेरीज ८१ भरते, आणि त्या ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो. त्यात आठाचा आकडा तेवढा गळाला आहे! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांस त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटले. असे नाव सुचण्यास मुळात तो आनंद भोगलेला असावा लागतो.

या कामाचा पंडितांनी मात्र उपहासच केला. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या मास्तरांची ही करमणूक, असे अनेकांचे मत होते. कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापीत राहिले. १९६६ साली पत्नी निवर्तली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकातून त्यांच्या कार्याची ओळख करून दिली, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. आपल्या मंडळींस ते आधी का दिसले नाहीत, हा प्रश्न बोचतो. १९८६ साली ते दिवंगत झाले.

१९४९ च्या मद्रास गणित परिषदेत त्यांनी मांडलेला ६१७४ चा चमत्कार मुलांनी घरी करून पाहावा. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, व आलेल्या बाकीवर हीच क्रिया पुन्हा करावी. बाकी तीन अंकी आल्यास पुढे शून्य धरावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते, आणि पुढे तीच संख्या कायम राहते. आम्ही त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहिले: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुरत्या सात पायऱ्या लागल्या.