बीसीजीतला 'सी'

डाव्या दंडावरची ती बारीक गोल खूण सगळ्यांनाच माहीत आहे. लस बीसीजीची, क्षयरोगावरची. पण त्यातला 'सी' कोण, हे मी मध्यंतरी लायब्ररीत बसून शोधलं. अल्बेर कालमेट. जन्म १८६३, फ्रान्समधलं नीस. आधी नौदलात डॉक्टर, मग सायगावची पाश्चर इन्स्टिट्यूट, पुढे सर्पदंशावरचं प्रतिविष. एवढ्यावर एक जन्म सहज भागला असता!

१८९५ पासून तो लीलला. कापडगिरण्यांचं शहर, कामगारांच्या कोंदट खोल्या आणि घरोघर क्षय. औषध तेव्हा नव्हतंच. म्हणून १९०१ मध्ये त्याने दवाखाना काढला, तिथून माणसं रोग्यांच्या घरी जायची, थुंकी कुठे टाकायची, हवा-उजेड कसा ठेवायचा ते समजावायची. (सिव्हिलवाल्यांनो, सांडपाणी जिवाणूंकडून शुद्ध करून घेण्याचे प्रयोगही याचेच.)

१९०८ मध्ये पशुवैद्य गेरँच्या सोबतीने लशीचं काम सुरू झालं. गाईच्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या फोडीवर वाढवायचे, गुठळ्या होऊ नयेत म्हणून बैलाचं पित्त घालायचं. गंमत म्हणजे त्यात जंतू हळूहळू मवाळ होऊ लागला! मग दर तीन आठवड्यांनी नवी फोड. एकूण २३० वेळा, १३ वर्षं. आपल्याला एक रीडिंग परत घ्यायचं तर जिवावर येतं. मध्येच १९१४ ला भाऊ गास्तों, 'फिगारो'चा संपादक, एका मंत्र्याच्या बायकोच्या गोळीने गेला. त्याच वर्षी लील जर्मनांच्या ताब्यात. बटाटे महाग, पित्त मिळेना. तरी साखळी तुटली नाही.

१९२१ मध्ये पॅरिसात पहिल्या बाळाला लस पाजली. हो, पाजली, सुई नंतरची. त्याची आई क्षयाने गेली होती आणि सांभाळणाऱ्या आजीलाही क्षयच होता.

मग १९३०. जर्मनीतल्या ल्युबेकला लस दिलेली सत्तरहून जास्त बाळं दगावली. सगळं खापर कालमेटवर. चौकशीत निघालं ते असं, की तिथल्याच प्रयोगशाळेत खरे जहाल जंतू लशीत मिसळले गेले होते. १९३२ मध्ये कोर्टाचा निकाल लागला, दुसऱ्या वर्षी कालमेट वारला. मला वाटतं, शोधाइतकीच बाटल्या वेगळ्या ठेवणाऱ्याचीही जबाबदारी असते.

लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून चांगली वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा तेवढा भरवसा नाही. भारतात १९५१ पासून तिची मोठी मोहीम निघाली. तेव्हा गेरँ हयात होता.