डॉ. कमलाबाई सोहोनी

पावसाळा सरत आला की धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांतील काळ्याभोर जमिनीवर सोयाबीनची शेते पिवळी पडू लागतात. या दाण्यांत प्रथिनांचा साठा विपुल आहे. परंतु ते कच्चेच खाल्ले, तर त्यांतील प्रथिने अंगी लागत नाहीत. ही गोष्ट केवळ सोयाबीनची नव्हे. वाल, हरभरा, मूग, तूर यांपैकी कोणतेही धान्य घ्या. आपल्या आज्या-पणज्या ते भिजवीत, मोड आणीत, चांगले शिजवीत आणि मगच पानात वाढीत. आमच्या गोव्याकडेही तोणाकासाठी आळसांदे आदल्या रात्रीच भिजत पडत. असे का करावयाचे, हे मात्र कोणी विचारीत नसे. हा प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन आपल्या देशातील धान्यांबाबत त्याचे उत्तर शोधणाऱ्या एक विदुषी आपल्या शेजारच्याच इंदूर शहरी जन्मल्या. त्यांचे नाव डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म १९११ साली होळकरांच्या इंदुरात झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे विद्यार्थी होते. थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत पुढे लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक म्हणून कीर्ती पावल्या आणि १९७५ साली कराडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी विराजमान झाल्या. अशा विद्याव्यासंगी घरात वाढलेल्या कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी रसायन व भौतिक हे विषय घेऊन उत्तम यशाने संपादन केली. वडिलांच्या आणि चुलत्यांच्या संस्थेत जाऊन संशोधन करावे, अशी त्यांची मनीषा होती.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी हिंदुस्थानचे नाव जगात उज्ज्वल केले होते. या थोर शास्त्रज्ञाने कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुणांत त्या कोठे उण्या होत्या म्हणून नव्हे, तर त्या स्त्री होत्या, एवढ्याचसाठी. देशात सत्याग्रहाचे वारे वाहत होते. कमलाबाईंनीही माघार घेतली नाही. त्या बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या, नकाराचे कारण मागितले आणि प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही असा निर्धार दर्शविला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही काम करावे लागणार होते. आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यावयाचे नव्हते.

या अटींतला अपमान त्यांना कळला नाही असे नाही. उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखविला. तथापि त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला हात घातला. श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली त्यांना एम. एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली. त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेची द्वारे स्त्रियांसाठी खुली झाली. एका मुलीने आपल्यासाठी मागितलेला न्याय तिच्यामागून येणाऱ्या कितीतरी मुलींच्या उपयोगी पडला.

यानंतर कमलाबाई शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांविषयीच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची तेथील प्रयोगशाळा त्या काळी जीवरसायनशास्त्राचे माहेरघर समजली जात असे. प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत असता, बटाट्याच्या पेशी तपासताना, त्यांना सायटोक्रोम सी नावाचे लोहयुक्त प्रथिन आढळले. पेशीमध्ये अन्नाचे ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते, त्या क्रियेत हे प्रथिन भाग घेते. वनस्पतींच्या पेशींतही ते असते, हे कमलाबाईंनी दाखवून दिले. वड, गहू आणि मनुष्य यांचे श्वसन मुळात एकाच रीतीने चालते, या सत्याला त्यामुळे बळकटी आली. अवघ्या चौदा महिन्यांचे काम आणि चाळीस पृष्ठांचा प्रबंध एवढ्यावर त्यांना १९३९ साली पीएच. डी. पदवी मिळाली. विज्ञानात हा मान मिळविणाऱ्या भारतीय स्त्रियांत त्यांचे स्थान अग्रणी आहे.

परदेशात राहून नाव कमावणे त्यांना कठीण नव्हते. परंतु त्या स्वदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून आणि पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागात अध्यापन करू लागल्या.

येथेच त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांचे कोडे हाती घेतले. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य आतड्यात उतरते आणि अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. असे तुकडे झाल्यावाचून प्रथिने शरीराच्या उपयोगी पडत नाहीत. कच्च्या कडधान्यांत मात्र या ट्रिप्सिनलाच अडवून धरणारी प्रथिने असतात. सोयाबीनमधील असे एक प्रथिन अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली स्फटिकरूपात वेगळे केले होते. आपल्या देशातील लोक जी धान्ये रोज खातात, त्यांत ही द्रव्ये कितपत आहेत, याचा तपास कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत झाला. वालाच्या दाण्यांत रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी प्रथिनेही असतात. त्यांचाही अभ्यास तेथे झाला. भिजविल्याने आणि मोड आणल्याने यांपैकी बऱ्याच द्रव्यांचा जोर कमी होतो आणि चांगले शिजविल्याने तो पुष्कळसा नाहीसा होतो. स्वयंपाकघरातील जुनी रीत अशा प्रकारे शास्त्राच्या कसोटीला उतरली.

हा विषयच त्यांनी का निवडला असावा, याचा विचार आपण केला पाहिजे. दूध, अंडी, मांस ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुलाबाळांच्या वाढीचा आधार डाळ हाच असतो. त्या डाळीतले सत्त्व पुरतेपणी अंगी लागते की वाया जाते, हा गरिबांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे. याच दृष्टीने, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून, त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडामाडाचा हा ताजा रस आंबला की त्याची ताडी होते. पण न आंबलेल्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, असे त्यांनी दाखविले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना तिचा उपयोग होईल, हा या कामामागील हेतू होता. धारच्या पश्चिमेकडील आदिवासी मुलखात ताडीची झाडे पाहिलेल्यांना याचे महत्त्व सहज पटेल. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इतकी योग्यता असूनही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला चार वर्षे उशिरा आले. या विलंबाने त्यांचे काम मात्र थांबले नाही. सेवानिवृत्तीनंतरही त्या ग्राहक चळवळीत रमल्या, अन्नातील भेसळ ओळखण्याचे सोपे उपाय लोकांना शिकविले आणि १९८२-८३ साली भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेचे अध्यक्षपद भूषविले. मुलांसाठी त्यांनी मराठीतून विज्ञान लिहिले. १९९८ साली दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने योजिलेल्या सत्कारसमारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, कमलाबाईंच्या काळी एकेक प्रथिन वेगळे करून शुद्ध करण्यास महिनेच्या महिने लागत. आज मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने रेणूंना विद्युत्भार देऊन त्यांचे वस्तुमान मोजतात. अणूंचे असे वजन करण्याचे यंत्र केंब्रिजमध्येच फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली बनविले. प्रथिनांचे रेणू मात्र मोठे आणि नाजूक. ते वाफेच्या रूपात आणू जाता मोडून पडत. त्यांना न मोडता मोजण्याच्या युक्त्या शोधल्याबद्दल अमेरिकेचे जॉन फेन आणि जपानचे कोइची तानाका हे २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी झाले. आता एका नमुन्यातील हजारो प्रथिनांची नोंद एकाच वेळी घेता येते. या शास्त्रास प्रोटिऑमिक्स म्हणतात. रक्तात कोणत्या रोगाची खूण आहे, कोणत्या धान्यात कोणते प्रथिन आहे, हे त्यामुळे शोधता येते.

आणि गंमत पाहा. या तपासणीसाठी प्रथिनांचे आधी लहान तुकडे करावे लागतात, ते बहुधा ट्रिप्सिननेच करतात. यंत्र अचूक मोजते की नाही हे पडताळण्यासाठी जी ओळखीची प्रथिने वापरतात, त्यांत सायटोक्रोम सी असते. कमलाबाईंच्या संशोधनाशी ज्या दोन पदार्थांचा संबंध आला, ते दोन्ही आजच्या प्रयोगशाळेत नित्याचे झाले आहेत. त्या प्रयोगशाळांत मुलीही मोठ्या संख्येने काम करतात, आणि तेथे येण्यासाठी त्यांना आता कोणत्याही अटी मान्य कराव्या लागत नाहीत.

धार-देवासहून इंदूरला जाताना वाटेत सोयाबीनची शेते दिसली, की या शहरी जन्मलेल्या त्या विदुषीचे स्मरण करावे. घरी आई रात्री वाल भिजत घालीत असेल, तर त्यामागील कारण तिला समजावून सांगावे. आणि आपल्या बहिणीला शास्त्र शिकावयाचे असेल, तर तिच्या वाटेत कोणी उभे राहू नये, याची काळजी आपण घ्यावी.