वीज तोडणारा वकील: भाई कोतवाल आणि माझी ० केबीची फाइल

दादरला प्लाझाजवळ भेटायचं ठरलं की आपण बिनधास्त सांगतो, वीर कोतवाल उद्यानापाशी ये. ते कोतवाल म्हणजे आमच्या कर्जत तालुक्यातले, माथेरानचे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई म्हणायचे. टेकच्या साइटवर त्यांचं काय काम, असं वाटेल. सांगतो.

गेल्या पावसाळ्यात खालापुरात मी डेस्कटॉपवर एक मोठी फाइल लिहीत होतो. सेव्ह केली आणि काही सेकंदांतच लाइट गेली. लाइट आल्यावर बघतो तर फाइल जागेवर, नाव तेच, पण साइज ० केबी! सेव्ह तर केली होती ना? डोकं धरून बसलो तेव्हा कोतवालच आठवले, कारण वीज तोडणं हीच त्यांची लढाई होती.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानमधल्या एका गरीब नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले. त्या काळी वकिली म्हणजे पैसा. पण हे इथल्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. सावकाराकडून धान्य घ्यायचं आणि जन्मभर फेडत बसायचं, हे चक्र मोडायला त्यांनी धान्याची बँक काढली. माथेरान नगरपालिकेचं उपाध्यक्षपदही सांभाळलं. मला विचाराल तर धान्य बँक एवढी एकच गोष्ट केली असती, तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

मग आला ऑगस्ट १९४२. ९ तारखेला मुंबईत मोठे नेते पकडले गेले. भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. निशाणा कोणता, तर विजेचे मनोरे. घाटावरच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली सोडायचं आणि वीज करायची, ही टाटांची योजना. खालापूर तालुक्यात खोपोलीचं केंद्र १९१५ पासून, कर्जत तालुक्यात भिवपुरीचं १९२२ पासून. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे ज्या विजेवर चालायच्या, ती या पट्ट्यातल्या शेतांवरून जायची. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडले.

आता इथे जरा थांबू या. वीज गेली की त्या काळी गिरणी बंद पडायची, पण मागावरचं कापड मागावरच राहायचं. हिशोबाच्या वहीतली शाई काही पुसली जायची नाही. आज उलट आहे. आपण सेव्ह दाबतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम मजकूर आधी रॅममध्ये ठेवते आणि ॲपला सांगून टाकते की झालं. डिस्कवर ती नंतर सवडीने लिहिते. लिनक्समध्ये बदललेला मजकूर साधारण ३० सेकंद जुना झाला की डिस्कवर न्यायच्या रांगेत लागतो, ही नेहमीची सेटिंग. तुमचा अँड्रॉइड फोनही लिनक्सवरच उभा आहे. यात लबाडी नाही. डिस्क रॅमपेक्षा खूप हळू असते, आणि प्रत्येक अक्षराला लिहीत बसलं तर फोन रडतखडत चालेल, फोनमधली मेमरी चिपही लवकर झिजेल.

ॲप नुसतं क्रॅश झालं तर हा मजकूर वाचतो, कारण तो सिस्टीमच्या ताब्यात असतो. पण वीज गेली किंवा हँग झालेला फोन बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद केला, की रॅममधलं सगळं गेलं.

कुठला मजकूर गेला तर चालेल आणि कुठला नाही, हे सिस्टीमला कळत नाही. तिला सगळे बाइट सारखेच. ते कळतं फक्त ॲपला. म्हणून ॲपच्या हातात एक आदेश दिलेला असतो, एफसिंक. त्याचा अर्थ, ही फाइल आत्ताच डिस्कवर टाक, आणि टाकून झाल्यावरच मला सांग. तोवर ॲप थांबून राहतं. गेममधल्या थंबनेलसाठी असं थांबणं वेडेपणा आहे, पैशांच्या नोंदीसाठी थांबायलाच हवं. फोनमधली बरीच ॲप एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतात, त्यात तर किती वेळा थांबायचं याची सेटिंगच आहे.

२००९ मध्ये यावरून मोठा वाद झाला होता. लिनक्सची जुनी ईएक्सटी३ फाइल सिस्टीम साधारण ५ सेकंदांत मजकूर उतरवायची, त्यामुळे ॲप लिहिणारे निवांत झाले होते. नवी ईएक्सटी४ जास्त वेळ थांबू लागली, आणि मशीन बंद पडल्यावर लोकांना रिकाम्या फाइली दिसू लागल्या. अगदी माझ्यासारख्या. बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की ॲपने एफसिंक करायला हवं होतं. लोकांचं म्हणणं, आधी तर चालत होतं! शेवटी सिस्टीमनेही थोडी माघार घेतली. बरोबर पद्धत अशी: नवा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहायचा, एफसिंक करायचं, आणि मगच तिला जुन्या फाइलीचं नाव द्यायचं. मध्येच लाइट गेली तरी जुनी किंवा नवी, एक पूर्ण फाइल हातात राहते. माझ्या ॲपने बहुतेक जुनी फाइल आधीच पुसली होती.

भाईंची गोष्ट अर्धी राहिली. मनोरे पडू लागल्यावर पोलीस मागे लागले. दस्ता मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या जंगलात लपला होता. खबर फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला, हॉल नावाचा अधिकारी पुढे होता. गोळीबारात हिराजी पाटील गेले आणि भाई कोतवालही. भाईंचं वय ३० वर्षं. २ जानेवारीला आजही लोक सिद्धगडावर जमतात, आमच्या कर्जतकडूनही माणसं जातात.