टिळक, पण दुसरे

विरार स्टेशनबाहेर अर्नाळ्याची बस धरली की आगाशी येईपर्यंत खिडकीतून देवळं दिसतात, चर्च दिसतात, मधूनच रस्त्याकडेला क्रूस दिसतो. आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल सुरू होतं ते लोकल पकडून मुंबईच्या कॉलेजात गेल्यावर. हजेरीत लोपीस किंवा डिमेलो असं आडनाव आलं, की बाजूच्या बाकावरचा मुलगा थेट इंग्रजीत सुरू होतो. घरी कादोडी नाहीतर वाडवळी बोलणाऱ्या पोराला मग सांगत बसावं लागतं, की अरे बाबा, मी मराठीच आहे.

ख्रिस्ती आणि मराठी, दोन्ही एकदम असता येतं का? हा प्रश्न एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या अख्ख्या आयुष्यानिशी सोडवायला घेतला. आडनाव टिळक. लोकमान्य नव्हेत, दुसरे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. बाण लागलेल्या पक्षिणीची कविता शाळेत वाचून गलबलला होतात ना, ती लिहिणारे हेच.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन घरातला. लहानपणीच आई गेली, वडिलांशी पटलं नाही, आणि पोरगा नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. १८८० साली लग्न झालं. बायको नाशिकजवळच्या जलालपूरची, वय जेमतेम अकरा. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

संसार मात्र कसला, नुसती भटकंती. टिळक एका गावी टिकायचे नाहीत. कधी मास्तरकी, कधी पुराण सांगणं, कधी छापखाना. नोकरी धरायची, सोडायची, हातात आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन मोकळं व्हायचं. आज आपण करिअरचं काही ठरत नाही म्हणून रात्रभर जागतो, तसंच काहीसं. फक्त त्यांना छळत होता तो प्रश्न पगाराचा नव्हता. जातीपातीने चिरफळ्या उडालेला हा देश एक कसा होणार, याचा घोर त्यांना लागला होता. नागपूरला असताना त्यांनी ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं, धर्मावर वाद घातले. मूर्तिपूजा आणि जातिभेद नसलेला एखादा नवाच धर्म आपण काढावा, इथपर्यंत त्यांचं डोकं पोचलं होतं.

१८९३ साली नोकरीसाठी ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते पटलं नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला बसले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. शत्रूवरही प्रेम करायला सांगणारी ती पानं त्यांना सोडवेनात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताची दोन वर्षं जवळजवळ भरतच आली होती.

इथे गोष्ट संपवली तर ती अर्धीच होईल. कारण हा निर्णय टिळकांचा होता, लक्ष्मीबाईंचा नव्हता. लहानपणापासून वडिलांचं टोकाचं सोवळंओवळं पाहिलेली ही बाई, पदरात लहानगा दत्तू. नवरा बाटला म्हणजे त्या काळी नवरा असून नसल्यासारखा. नातेवाइकांनी तिला पंढरपूरला ठेवलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. आपली नवी ओळख आपल्याला सापडते तेव्हा तिची किंमत शेजारचं माणूसही मोजत असतं, हे टिळकांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. सुरुवातीला स्वयंपाकपाणीही वेगळंच. टिळकांनी बळजबरी केली नाही. हळूहळू शिवाशीव माणसानेच निर्माण केली हे त्यांचं त्यांनाच उमगत गेलं, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून गेल्या म्हणण्यापेक्षा आपल्या पायांनी गेल्या, असं म्हणणं जास्त खरं.

टिळकांचा पुढचा झगडा चर्चच्या आतला होता. तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळी बरीचशी परदेशी चालीवरची भाषांतरित गीतं गात. टिळकांनी अभंग आणले, ओवी आणली, कीर्तन आणलं, टाळ-वीणा आणली. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत. म्हणजे जुनं घर पाडून त्यांनी नवं बांधलं नाही, जुन्याच घराला एक दार पाडलं. हे सगळ्यांना रुचलं असं नाही. एका बाजूला बाटगा म्हणून नाकं मुरडणारे, दुसऱ्या बाजूला याच्या भजनांकडे संशयाने बघणारे. ते मधे उभे राहून लिहीत राहिले. १९१२ पासून शेवटपर्यंत ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू त्यांनी सांभाळली. त्यांच्या नगरच्या घरात कुणाचीही पोरं वाढत. बालकवी ठोमरे त्यातलेच एक.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला, साताऱ्याला गेले. तिथे ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा. आधी जातीचं कुंपण ओलांडलं होतं, आता चर्चचं. पण वेळ फार उरला नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचं दफन न करता दहन केलं आणि अस्थी नगरला नेल्या. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ओवीबद्ध काव्य अपुरं राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी.

वसईतला ख्रिस्ती धर्म टिळकांच्या आधी तीनशे वर्षं, पोर्तुगीजांबरोबर आला. त्यामुळे त्यांची वाट आणि इथल्यांची वाट एक नाही. पण शेवटचा प्रश्न तोच. २०२० साली आमच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केलाच. टिळक जाऊन तेव्हा शंभर वर्षं उलटली होती.

कॉलेजच्या लायब्ररीत लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ नक्की असतील. काढून वाचा. टिळक त्यात थोर म्हणून नाही, घरातल्यासारखे भेटतात: रागीट, विसरभोळे, भाबडे. आणि पुढच्या वेळी हजेरीत डिमेलो आला, तर त्याच्याशी आधी मराठीत बोलून बघा.